आग्वादचं जुनं लाइटहाऊस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या शिकेरीच्या डोंगरावरच्या आग्वाद किल्ल्यात जो पांढरा गोल मनोरा आहे, ज्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कोणी परत जात नाही, त्याच्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलेत. काही प्रश्न फिरायला येणाऱ्यांचे आहेत, काही आपल्याच बार्देशच्या आणि पणजीच्या लोकांचे. उत्तरं कमीजास्त लांबीची आहेत कारण काही गोष्टी दोन ओळीत संपतात आणि काही संपत नाहीत.

किल्ल्यावर गेल्यावर दोन लाइटहाऊस दिसतात, खरं कुठलं?

दोन्ही खरीच. किल्ल्याच्या आत, त्या मोठ्या मोकळ्या पटांगणाच्या एका बाजूला जो चार मजली गोल पांढरा मनोरा आहे तो जुना, पोर्तुगीज काळातला, १८६४ चा. तो आता पेटत नाही. किल्ल्याच्या तटाबाहेर थोड्या अंतरावर जे आहे ते नवं, १९७६ पासून काम करतंय, आणि रात्री कांदोळीच्या किनाऱ्यावरून किंवा मिरामारहून जो झोत फिरताना दिसतो तो त्याचा. बरेच लोक जुन्याचा फोटो टाकतात आणि खाली नव्याची माहिती लिहितात, मग तीच गडबड पुढे कॉपी होत राहते. इथे पुढे नुसतं "मनोरा" म्हटलं की जुना समजायचं.

बांधलं कधी? कोणी १६१२ म्हणतं, कोणी १८६४, कोणी १८३४.

१६१२ हे किल्ल्याचं साल. व्हाइसरॉय रुई लोरेन्सू द तावोरा याच्या काळात किल्ला पुरा झाला. आत्ताच्या मनोऱ्याचं साल १८६४, म्हणजे दोघांमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे.

१८३४ ची भानगड अशी की नेटवर एक वाक्य सगळीकडे फिरतंय, की १८६४ मध्ये बांधलेल्या या दीपगृहाचा उजेड आधी ७ मिनिटांनी एकदा दिसायचा आणि १८३४ मध्ये तो दर ३० सेकंदांनी दिसेल असा बदल केला. आता नीट वाचा. १८६४ मध्ये बांधलेल्या गोष्टीत १८३४ मध्ये बदल कसा होईल? ही दोन सालं एकाच मनोऱ्याला एकत्र लागूच शकत नाहीत, तरीही ट्रॅव्हल साइट, रील, गाइडची पाठ केलेली माहिती, शाळेचे प्रोजेक्ट, सगळीकडे हे वाक्य तसंच्या तसं आहे. तुम्ही कुठे लिहिणार असाल तर निदान हे वाक्य पुढे ढकलू नका एवढीच विनंती.

मनोऱ्याच्या आधी त्या डोंगरावर जहाजांसाठी काहीतरी सोय होती हे मात्र नक्की, कारण १८४१ मध्ये तिथे एक मोठी घंटा खास त्यासाठी नेलेली. तिची गोष्ट खाली वेगळी सांगितलीय, ती वाचाच.

आशियातलं सगळ्यात जुनं लाइटहाऊस आहे ना?

नाही. हे ऐकून आपल्याच लोकांना वाईट वाटतं पण खरं ते खरं. लांब कशाला, चेन्नईला हायकोर्टाच्या आवारात दगडी खांबासारखं जुनं लाइटहाऊस उभं आहे ते १८४४ मध्ये पेटलं, ओडिशातलं फॉल्स पॉइंट १८३८ चं. म्हणजे भारतातच आग्वादपेक्षा जुनी उभी आहेत. "जुन्यांपैकी एक" म्हटलं तर ठीक, "सगळ्यात जुनं" म्हणू नका.

आणि मला खरंच वाटतं की त्या मनोऱ्याला असल्या बिरुदाची गरज नाही. मांडवीचं मुख, खाली गोड्या पाण्याचा झरा, वर पाण्याची प्रचंड टाकी, समोर काबोचं टोक, आत वळलं की रेइश मागूशचा किल्ला, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा तो मनोरा, ही अख्खी रचना एका नजरेत दिसते अशी जागा आपल्या किनाऱ्यावर दुसरी नाही. जपायचं आहे ते हे.

पण इथेच का बांधलं? कळंगुट किंवा बागाला का नाही?

कारण जहाजं कळंगुटला जात नव्हती, मांडवीत शिरायची होती. गोव्याचं सगळं राज्य दोन नद्यांच्या मुखावर उभं होतं, मांडवी आणि जुवारी, आणि दोघींच्या मधे काबोचं टोक, जिथे आता राजभवन आहे. मांडवीच्या उत्तरेला आग्वाद, दक्षिणेला काबो, थोडं आत मिरामारच्या बाजूला गास्पार दियश नावाचा किल्ला होता तो आता शिल्लक नाही, आणि समोरच्या काठावर रेइश मागूश. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच जहाजं येऊन मुखासमोर उभी राहायला लागली तेव्हा पोर्तुगीजांना कळलं की अगदी तोंडावरच पक्का किल्ला हवा.

दुसरं कारण पाणी. महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या जहाजाला आधी गोडं पाणी लागतं, आणि ते आग्वादला मिळायचं. वरच्या किल्ल्यात सोळा खांबांची जी जमिनीखालची टाकी आहे तिच्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावतं असं सांगतात. लोक पटांगणावर चालतात आणि पायाखाली काय आहे ते लक्षातच येत नाही.

तिसरी गोष्ट पर्यटकांना कोणी सांगत नाही पण मालीमच्या जेटीवरच्या कुठल्याही खलाशाला विचारा. मांडवीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे, त्याला आग्वाद बार म्हणतात. पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की खनिजाच्या बार्जेसना तो रस्ता बंदच व्हायचा, मग त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जायच्या. म्हणजे हे मुख दिसायला रुंद आहे पण आत शिरायची वाट अरुंद आणि बदलती. अशा जागी रात्री डोंगरावर दिवा नसेल तर कप्तानाने करायचं काय?

मनोरा एवढा बुटका कसा?

कारण डोंगराने अर्धं काम आधीच करून ठेवलंय. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा किती लांबून दिसेल ते समुद्रसपाटीपासून दिव्याच्या उंचीवर ठरतं, मनोऱ्याच्या उंचीवर नाही. ढोबळ हिशोब असा की उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि २.०८ ने गुणायचं, की सागरी मैल मिळतात. दिवा १६ मीटरवर असेल तर ८.३ सागरी मैल, म्हणजे साधारण १५ किलोमीटर. ६४ मीटरवर नेला तर १६.६ मैल, साधारण ३१ किलोमीटर. उंची चौपट केली तेव्हा अंतर दुप्पट झालं. शिवाय बघणारा स्वतः जहाजाच्या डेकवर उंच उभा असतो, त्याचं अंतर वेगळं मिळवायचं. सपाट किनाऱ्यावर उंच मनोरे बांधावे लागतात ते यासाठी, आणि आग्वादला चार मजल्यांत भागलं ते यासाठीच.

दिवा ७ मिनिटांनी एकदा म्हणजे काय? एवढा वेळ जहाजाने वाट बघायची?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे आकडा पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखं आहे. समजा एक जहाज ८ नॉटच्या, म्हणजे तासाला ८ सागरी मैलांच्या वेगाने येतंय. ७ मिनिटांत ते जवळजवळ पावणेदोन किलोमीटर पुढे जाईल. अंधारात, वाळूच्या बांधाजवळ, प्रवाह एका बाजूला ओढतोय, आणि एकदा उजेड दिसल्यावर पुढचा दिसेपर्यंत पावणेदोन किलोमीटर. आता तोच उजेड ३० सेकंदांनी यायला लागला तर मधे फक्त सव्वाशे मीटर. दिशा धरून ठेवता येते. म्हणून तो बदल मोठा होता, सालाचा घोळ काही का असेना.

उजेड ठरावीक वेळाने का दिसतो, सतत का नाही, हेही विचारतात. कारण सतत पेटलेला दिवा कोणाचाही असू शकतो, मासेमारी करणाऱ्या होडीचा, किनाऱ्यावरच्या घराचा, आज तर शॅकचा आणि हॉटेलचा. प्रत्येक दीपगृहाची चमकायची लय वेगळी ठेवतात आणि ती छापील यादीत दिलेली असते, कप्तान घड्याळ लावून मोजतो आणि म्हणतो हे अमुक, म्हणजे आपण तमुक जागी आहोत. पूर्वी तेलाचा दिवा, भोवती काचेची भिंगं, आणि ती भिंगं फिरवायला वजनावर चालणारं घड्याळासारखं यंत्र असायचं, रात्रीतून कोणीतरी उठून ते वजन परत वर ओढायचं. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात पायऱ्यापायऱ्यांचं भिंग काढलं त्यानंतर एका साध्या वातीचा उजेड कितीतरी मैल जायला लागला, आणि एकोणिसाव्या शतकात जगभर दीपगृहांची जी लाट आली ती त्याच्या जोरावर. नंतर रॉकेल, वीज, आता एलईडी.

पणजीच्या चर्चची घंटा आग्वादहून आली हे खरं का?

खरं. आणि मला वाटतं आग्वादच्या गोष्टींमधली ही सगळ्यात सुंदर आहे पण सगळ्यात कमी सांगितली जाते.

जुने गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मोठा मठ होता, आज त्याचा ४६ मीटरचा बुरूज तेवढा उरलाय. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांनाच बाहेर काढलं, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छप्पर कोसळलं. पण त्याच्या एक वर्ष आधी, १८४१ मध्ये, तिथली घंटा काढून आग्वादला नेली होती, दीपगृहाच्या कामासाठी. घंटा कशाला तर धुकं किंवा पावसाची सर आली की उजेड दिसत नाही, तेव्हा कान हेच डोळे. आपल्याकडचा जुलैचा पाऊस ज्याने मांडवीच्या फेरीतून बघितलाय त्याला हे समजावायला नको, समोरची पणजी दिसत नाही कधीकधी.

तीस वर्षं ती घंटा आग्वादवर होती. १८७१ मध्ये पणजीच्या आवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या दर्शनी भागावर घंटाघर उभं केलं आणि ती तिथे चढवली. आजही तिथेच आहे. गोव्यात आकाराने दुसरी, पहिली जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची सोन्याची घंटा म्हणतात ती. चर्चच्या पायऱ्यांसमोर उभे राहून वर बघितलंत तर मधोमध दिसते. मठातून दीपगृहात आणि दीपगृहातून राजधानीच्या चर्चमध्ये. एकच घंटा, पण तिन्ही जागांची गोष्ट सांगणारी एक पाटी तिन्ही जागी असायला हवी, हे माझं मनापासूनचं मत आहे. खर्च काहीच नाही त्याला.

मराठ्यांनी आग्वाद घेतला होता का?

नाही. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश ताब्यात घेतलं तेव्हासुद्धा आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले.

जेल आणि लाइटहाऊस एकच जागा का?

एकच किल्ला पण दोन भाग. लाइटहाऊस वरच्या किल्ल्यात, जेल खाली पाण्याच्या कडेला. गोवा मुक्तीलढ्यातले कितीतरी लोक तिथे कोंडले होते. १९४६ मध्ये राममनोहर लोहियांना तिथे ठेवलं, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना तिथल्या कोठडीत ठेवून नंतर पोर्तुगालच्या पेनिशच्या तुरुंगात पाठवलं. १९६१ च्या डिसेंबरात कैद्यांना सोडवायला भारतीय सैन्याची जी तुकडी आग्वादला गेली त्यात मेजर शिवदेव सिंग सिद्धू यांना वीरमरण आलं. मुक्तीनंतरही २०१५ पर्यंत ते गोव्याचं मध्यवर्ती कारागृह होतं, मग दुरुस्ती करून १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, संग्रहालय म्हणून उद्घाटन झालं. वर गेलात तर खालीही जा. वर दिवा आणि खाली अंधारकोठडी एकाच डोंगरात होत्या, आणि आपल्या मुलांनी दोन्ही बघायला हवं.

मनोरा बंद का पडला?

१९७६ मध्ये नवं लाइटहाऊस सुरू झालं आणि जुन्याचं काम संपलं. दोन दिवे शेजारी शेजारी चालू ठेवत नाहीत.

आता जीपीएस आहे, मग लाइटहाऊस हवंच कशाला?

नव्याबद्दल विचारत असाल तर, उपकरण बंद पडतं, सिग्नल चुकतो, बॅटरी संपते. मालीमच्या ट्रॉलरवर जीपीएस असतोच, पण ३१ जुलैला मासेमारीबंदी संपून बोटी बाहेर पडतात तेव्हा समुद्र अजून खवळलेला असतो आणि रात्री परत येताना डोळ्यांना एक ओळखीचा दिवा लागतोच. शिवाय आजची दीपगृहं नुसता दिवा दाखवत नाहीत, रडारवर उमटणारी खूण, जहाजांची ओळख पटवणारी यंत्रणा असंही बरंच काही त्यांच्यावर बसवतात.

आग्वादच्या आसपास जहाजं आजही अडकतातच. रिव्हर प्रिन्सेस जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं आणि २०१२ पर्यंत तिथेच गंजत होतं, किनाऱ्याची धूप झाली ती वेगळी. २०१७ च्या जुलैत लकी सेव्हन हे कॅसिनो जहाज मिरामारला वाळूत रुतलं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी नाफ्था भरलेलं नुशी नलिनी मुरगावहून सुटून दोना पावलाला खडकावर आलं, आत माणूस नाही. यातल्या कुठल्याही जहाजाला दिव्याने वाचवलं असतं असं मी म्हणत नाही. पण हे मुख आजही तेवढंच अवघड आहे हे त्यावरून कळतं, आणि ते कळलं की १८६४ मध्ये लोकांनी तिथे मनोरा का बांधला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आत्ता मनोरा कोणाच्या ताब्यात आहे?

वरचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे, म्हणजे १९५८ चा स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊनच. नवं लाइटहाऊस केंद्राच्या बंदर खात्याखालच्या दीपगृह महासंचालनालयाकडे. खालचं जेल राज्य सरकारकडे. एकाच डोंगरावर तीन मालक, म्हणून एखादी तक्रार घेऊन गेलात आणि "ते आमच्याकडे येत नाही" असं ऐकावं लागलं तर नाउमेद होऊ नका, आधी कुठला भाग ते नीट ठरवा आणि मग योग्य ठिकाणी लेखी द्या.

मनोऱ्याला नक्की धोका कशाचा आहे? बाहेरून तर मस्त पांढरा दिसतो.

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

आपल्याकडची जुनी बांधकामं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा खाणीतून कापताना मऊ असतो, हवेवर ठेवला की कडक होतो, पण भोकाभोकांचा असतो आणि पाणी पितो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि आग्वादला तो समुद्रावरून आडवा येतो. म्हणून जुने लोक चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा द्यायचे आणि वरून चुन्याचाच हात मारायचे. घरांच्या भिंतींना पावसाळ्यात माडाची चुडतं बांधायचे ते याच कारणाने. चुना पाणी पूर्ण अडवत नाही, तो थोडं आत घेतो आणि ऊन पडलं की बाहेर सोडतो. भिंत श्वास घेते असं आपले गवंडी म्हणतात ते हेच.

आता कोणी तरी येतो, गिलावा उडालाय बघतो, आणि सिमेंट मारतो. दोन वर्षं छान दिसतं. पण सिमेंट म्हणजे भर पावसात रेनकोट घालून चालण्यासारखं आहे, बाहेरचं पाणी अडतं आणि आतला घाम कोंडतो. वरून, फटीतून, जमिनीतून पाणी आत शिरतंच, ते बाहेर येऊ शकत नाही, आतल्या आत चिरा भुसभुशीत होत जातो आणि एक दिवस सिमेंटची आख्खी खपली चिऱ्याचा थर घेऊनच खाली येते. प्लास्टिकवाला ऑइल पेंट किंवा चकचकीत एक्स्टिरिअर पेंटसुद्धा हेच करतो, फक्त हळू.

दुसरा शत्रू मीठ. खारा वारा भिंतीत मीठ भरतो, पाणी उडून गेलं की मिठाचे कण भोकांमध्ये मोठे होतात आणि दगड आतून फोडतात. भिंतीला लोणा लागलाय म्हणतो ना आपण, तोच. चुन्याचा गिलावा असेल तर मीठ त्या गिलाव्यात येऊन बसतं, गिलावा खराब होतो, तो काढून नवा करायचा, दगड वाचतो. म्हणजे गिलावा हा झिजण्यासाठीच असतो, तो झिजला म्हणून काम वाईट झालं असं नसतं, आणि जी गोष्ट दर काही वर्षांनी परत करायचीच आहे तिच्यासाठी एकदाच मोठा खर्च करून विसरून जाण्यात अर्थ नाही.

तिसरं, झाडं. पिंपळाचं बी पक्षी टाकतात, फटीत रुजतं, आणि एक वीत रोप असताना काढलं तर दोन मिनिटांचं काम, पाच वर्षांनी काढायला गेलात तर मूळ भिंतीत आणि भिंत मुळावर. नुसतं कापून उपयोग नसतो, परत फुटतं. चौथं लोखंड, कठडे, बिजागऱ्या, आत रोवलेल्या पट्ट्या. गंजलं की फुगतं आणि भोवतालचा दगड फोडतं.

आणि एक गोष्ट, वेळेची. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला महिने लागतात. काम ऑक्टोबरात सुरू करून फेब्रुवारी मार्चपर्यंत हात उचलायला हवा म्हणजे पावसाआधी तो पक्का होईल. पण सरकारी कामांची मंजुरी बऱ्याचदा मार्चच्या आसपास येते, जून डोक्यावर असतो, मग चुन्याला वेळ नाही म्हणून सिमेंट. कामाचं वेळापत्रक पावसाला धरून केलं तर निम्मी दुखणी होणारच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

रेइश मागूशसारखं काम आग्वादला होऊ शकेल का?

होऊ शकतं आणि व्हायला हवं. रेइश मागूशचा किल्ला पडायला आलेला, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी तो विषय लावून धरला, हेलन हॅम्लिन ट्रस्ट, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि गोवा सरकार एकत्र आले, आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्हा यांनी काम केलं आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आज तिथे गेलात तर जुनं काय आणि नवं काय ते कळतं, आणि आत मारिओंची चित्रं बघायला मिळतात. नदीच्या त्याच काठावर, काही किलोमीटरवर हे उदाहरण असताना बाहेर शोधायची गरज नाही.

बाहेरचं हवंच असेल तर मकाव बघा. तिथलं गिया लाइटहाऊस पण पोर्तुगीजांचं, किल्ल्यातलंच, डोंगरावरचंच, १८६५ चं, म्हणजे आपल्यापेक्षा एक वर्षाने धाकटं. मकावचा जुना भाग २००५ मध्ये जागतिक वारसा झाला आणि हे लाइटहाऊस त्यात आहे. पुढे आजूबाजूला टॉवर उठायला लागले, लाइटहाऊस दिसेनासं होईल म्हणून लोकांनी युनेस्कोकडे तक्रार केली आणि २००८ मध्ये सरकारला भोवतीच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घालावी लागली. तिथल्या लोकांना कळलं की दीपगृहाचं अर्धं मोल त्याच्यापासून समुद्रापर्यंतच्या मोकळ्या नजरेत आहे. शिकेरी, कांदोळी, नेरूलच्या डोंगरांवर काय चाललंय ते बघता आपणही ती नजर आत्ताच जपायला हवी, मनोरा चुन्याने चकाचक केला आणि समोर काँक्रीट उभं राहिलं तर जपलं काय?

जुना मनोरा परत पेटवता येईल का? रात्री किती सुंदर दिसेल!

दिसेल, पण असाच पेटवता येणार नाही. समुद्राकडे तोंड करून चमकणारा दुसरा दिवा लावला तर जहाजांची फसगत होऊ शकते, नकाशात आणि यादीत एकच दिवा आहे आणि समोर दोन दिसतात म्हटल्यावर कप्तान कशावर विश्वास ठेवणार? दिशादर्शक दिव्यांचं सगळं कामकाज आता २०२१ च्या कायद्याखाली चालतं, त्याआधी १९२७ चा दीपगृह कायदा होता. करता येण्यासारखं हे आहे की मनोऱ्याच्या पायथ्याशी मंद, स्थिर, जमिनीच्या बाजूने पडणारा उजेड ठेवायचा, लेझर आणि रंगीत फिरते झोत अजिबात नकोत.

त्याच २०२१ च्या कायद्यात दीपगृहांना वारसा दीपगृह म्हणून घोषित करायची आणि शिक्षण, संस्कृती, पर्यटनासाठी विकसित करायची तरतूद आहे. देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी तयार करून २०२४ मध्ये देशाला अर्पण केली, आणि पहिला भारतीय दीपगृह उत्सव झाला तो आपल्या आग्वादलाच, २३ ते २५ सप्टेंबर २०२३. म्हणजे लक्ष आहे. ते लक्ष स्टेज आणि लाइट शोच्या पलीकडे जाऊन गवंड्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे.

आपण साध्या लोकांनी काय करायचं?

भिंतीवर नावं कोरू नका, हे सांगावं लागतं याचंच दुःख आहे. मुलांना तटावर चढवून फोटो काढू नका, दगड सुटे आहेत आणि खाली उतार आहे.

त्यापेक्षा मोठं काम घरात आहे. १९७६ च्या आधीचे आग्वादचे फोटो बार्देशच्या कितीतरी घरांत जुन्या अल्बममध्ये असतील, सहलीचे, लग्नानंतरच्या फिरण्याचे, मागे मनोरा. ते फोन वापरून नीट स्कॅन करा, मागे काय लिहिलंय तेही, आणि साल लिहून ठेवा. कठडा कसा होता, काचघर कसं होतं, रंगाचे पट्टे होते का, हे दुरुस्ती करणाऱ्याला असल्या फोटोंतूनच कळतं. शिकेरी, कांदोळी, वेरेंच्या बाजूला म्हातारी माणसं असतील, रापण ओढणारे मच्छीमार असतील, ज्यांना जुना दिवा चालू असतानाचा आठवतो, त्यांच्याशी बोला आणि रेकॉर्ड करा, कोकणीत बोलले तर कोकणीतच. जुना दिवा बंद होऊन पन्नास वर्षं होत आली, आता थांबून चालणार नाही.

आणि पावसाळा संपल्यावर गेलात तर मनोऱ्याचे चार बाजूंनी चार फोटो काढून ठेवा, दरवर्षी त्याच जागांवरून. भेग वाढते का, झाड कुठे फुटतंय, गिलावा कुठून सुटतोय हे असल्या फोटोंतून जेवढं कळतं तेवढं एका भेटीतल्या पाहणीतून कळत नाही. काही दिसलं तर तारखेसकट पुरातत्त्व खात्याला पाठवा.

वर चढता येतं का? कधी जावं?

जुन्या मनोऱ्यावर चढायचा हट्ट धरू नका, तो बाहेरून बघायचा, आणि दरवाजाला कुलूप दिसलं तर ते मनोऱ्याच्या भल्यासाठीच आहे असं समजा. उंचावरून समुद्र बघायचा असेल तर नवं लाइटहाऊस लोकांना तिकीट काढून बघता येतं, वेळ फाटकावरच्या बोर्डावर बघून घ्या. गर्दी नको असेल तर सकाळी किल्ला उघडल्या उघडल्या जा, दुपारी पटांगणावर सावली नावाला नाही. पणजीहून बेती, नेरूलमार्गे कांदोळीकडे जाणारी बस मिळते, शिकेरीला उतरून पुढचा चढ चालत किंवा रिक्षाने. पावसाळ्यात गेलात तर चिऱ्यावर शेवाळं असतं, चपला घसरतात, पायात काहीतरी पकड असलेलं घाला.